बाजारतळावरची कमान

त्या दिवशी सकाळी माझी बायको वारली. दुपारी नगरपरिषदेची सभा होती. सभेत शोकप्रस्ताव मांडला गेला, सदस्य उभे राहिले आणि सभा तहकूब झाली.

हे मला संध्याकाळी कळलं. स्मशानातून परत येऊन मी अंगणातल्या नळाखाली पाय धूत होतो. उपाध्यक्ष मागे येऊन उभे राहिले. वयाने माझ्याहून बरेच लहान, द्राक्षांचं पॅकहाउस चालवणारे. तिला ते ताई म्हणत आणि त्या नात्याने मला दाजी. ते म्हणाले, "दाजी, आज एकही विषय घेतला नाही. ताईंच्या मानाखातर." मी मान हलवली. पाय धुऊन झाले तरी नळ बंद करायचं सुचलं नाही. त्या सभेत तिचा विषय होता, हे मला तेव्हा आठवलं.

आमचं गाव नाशिकपासून तासाभराच्या अंतरावर, हायवेला लागून. ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली तरी लोक अजून "पंचायतीत जाऊन येतो" असंच म्हणतात. मी नाशिक रोडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने यायचं, असा माझा गावाशी संबंध. ती घरी मुलींच्या शिकवण्या घ्यायची. आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला तेव्हा पॅनेलची माणसं आमच्याकडे आली आणि माझ्यासमोर बसली.

"सर, मिसेसना उभं करा. शिकलेल्या आहेत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. बाकी सगळं तुम्हीच बघायचं."

ती आतून चहाचा ट्रे घेऊन आली. म्हणाली, "राहते उभी. पण बाकी सगळंही मीच बघेन."

ते मनापासून हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

आमच्या सभागृहात एक रीत पडून गेली होती. नगरसेविका पुढे टेबलांशी बसत आणि त्यांचे नवरे मागे, भिंतीलगत ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. एखाद्या विषयावर बाईंचं मत विचारलं की उत्तर मागून येई. इतिवृत्तात मात्र नाव बाईंचं लागे. याचं कोणालाच काही वाटत नसे. निवडून आल्यावर तिने मला एवढंच सांगितलं, "अहो, तुम्ही तिथे येऊ नका. तुम्ही गप्प बसलात तरी ते तुमच्याकडे बघूनच बोलतील." मला ते सोयीचंच होतं. मी त्या सभागृहाची पायरी चढलो नाही. चहाच्या टपरीवर लोक छेडायचे, "काय नगरसेवक, आमच्या गल्लीला पाणी कधी?" मी म्हणायचो, "घरी विचारून सांगतो." त्यावर हमखास कोणीतरी म्हणे, "घ्या! नगरसेवकालाच वरून परवानगी लागते."

तिचा विषय आठवडे बाजारातून आला होता. गुरुवारी आमच्याकडे बाजार भरतो. आसपासच्या खेड्यांतल्या बायका उजाडायच्या आत टेम्पोतून येतात आणि दिवेलागणीपर्यंत बसून असतात. मेथी विकणाऱ्या एका मावशींकडून ती नेहमी भाजी घ्यायची. एकदा ऊन फार होतं म्हणून तिने आपल्या बाटलीतलं पाणी त्यांच्यापुढे केलं. त्यांनी हात मागे घेतला.

"नको ताई. पाणी प्यायलं की जायचं कुठं? बाभळी व्हत्या तवर बरं व्हतं. आता तिथं तुमी गाळे बांधले."

"मी कुठे बांधले?"

"तुमीच की! पंचायत म्हंजी आता तुमीच ना?"

घरी येऊन तिने भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि हे सगळं मला जसंच्या तसं सांगितलं, मावशींचा आवाज काढून. त्यानंतर बाजारतळावर महिलांसाठी स्वच्छतागृह बांधणे हा विषय तिने सोडला नाही. जागा मोकळी नव्हती, मग मोजणी रखडली, मग अंदाजपत्रक आलं नाही. कधी विषयपत्रिकेत तो सगळ्यात शेवटी लागायचा आणि तिथवर पोचेपर्यंत सदस्य उठून गेलेले असायचे. कधी कोणीतरी कुजबुजायचं आणि मागच्या खुर्च्यांमध्ये खसखस पिकायची. आणि कधी नुसतीच सभा तहकूब व्हायची, कारण कोणी ना कोणी वारलेलं असायचं. आमच्याकडे शोकप्रस्तावानंतर कामकाज करत नाहीत, करणं बरं दिसत नाही. अशा दिवशी ती लवकर घरी यायची आणि दारात चपला काढता काढताच म्हणायची, "माणूस गेलं की त्याच्याबरोबर कामंही सरणावर ठेवायची, ही कुठली रीत?"

म्हणून नळाखाली उभा राहून मी शोक करत होतो असं म्हणता येणार नाही. ती आता घरी येऊन काय बोलली असती, हे मला ऐकू येत होतं.

पुढचे दिवस मला एका जागी बसता येईना. घर भरलेलं होतं, आणि भरलेल्या घरात सुतकाच्या माणसाला कोणी काही करू देत नाही. मी या खोलीतून त्या खोलीत जायचो आणि तिथे कशाला आलो हे विसरायचो. पुस्तक उघडायचो. आयुष्यभर जे काम मला बिनकष्टाचं वाटलं, ते जमेना. एक परिच्छेद वाचायचा, उठायचं, फाटकापर्यंत जायचं, परत येऊन तोच परिच्छेद. लोकांना वाटायचं मी कोणाची तरी वाट बघतोय. तेराव्यानंतर मंडळी पांगली. सासूबाई राहिल्या. त्या सटाण्याकडच्या, बोलणं अहिराणी. मुलांच्या पाठीवर झालेली त्यांची ही एकुलती मुलगी. त्या दिवसभर ओट्यावर बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायच्या, माझी पोर पंचायतीत काय होती ते सांगा. लोक सांगायचे. त्या पुन्हा विचारायच्या.

तहकूब सभा पुन्हा भरली त्या संध्याकाळी उपाध्यक्ष आले. गाडीतून उतरतानाच त्यांचा चेहरा उजळलेला दिसत होता.

"दाजी, ताईंचा विषय घेतला. पहिलाच घेतला. कोणी हूं की चूं केलं नाही."

मला बरं वाटलं. मी खुर्चीत नीट टेकून बसलो, बऱ्याच दिवसांनी.

"मी म्हटलं, काम ताईंचं आहे, तर नावही ताईंचंच देऊ. सगळ्यांनी बाकं वाजवली. तेवढ्यात तात्या उठले." तात्या म्हणजे सभागृहातले सगळ्यात जुने सदस्य, ग्रामपंचायतीच्या काळापासूनचे. "म्हणाले, पोरांनो, काही भान आहे का? त्या माउलीचं नाव मुतारीवर घालणार?"

"मग?"

"मग काय, सगळे गप्प. बरोबरच होतं ना त्यांचं. आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग ठरलं की त्याच जागेवर, त्याच निधीतून कमान करायची. स्वागत कमान, दगडी. हायवेवरून दिसली पाहिजे. ताईंचं नाव हे एवढं." त्यांनी दोन्ही हात फाकले.

"आणि स्वच्छतागृह?"

"ते बघू की. आपली मुदत आता संपलीच आहे, पुढे प्रशासक येईल, त्याच्या कानावर घालू. तुमचं फक्त एक पत्र लागेल, कुटुंबाची हरकत नाही असं. पुढच्या सभेत शेवटचा हात फिरवू. आपल्या टर्मची शेवटचीच सभा आहे ती."

"तिला कमान नको असती," मी म्हणालो.

"ताईंना स्वतःसाठी कधी काही नकोच असायचं, दाजी. म्हणून तर आपण करायचं."

या माणसाच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. असतं तर मला भांडता आलं असतं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, त्यांचे डोळे भरून आले होते. पत्र लवकर द्या, असं सांगून ते गेले. ओट्यावर सासूबाई सगळं ऐकत होत्या. त्या पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "मनी पोरनं नाव ऱ्हाई." माझ्या पोरीचं नाव राहील. ती गेल्यापासून त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा पोटभर भाकरी खाल्ली.

मी पत्र लिहायला बसलो. हरकत नाही असं लिहिलं आणि उठलो. हरकत आहे असं लिहिलं आणि उठलो. तिच्या मनात काय होतं हे मला माहीत होतं, पण ते मी सांगायचं म्हणजे काय? बायकांच्या नावावर मागून बोलणाऱ्या नवऱ्यांच्या रांगेत मी जाऊन बसलो असतो, आणि तेही ती नाही म्हणू शकत नाही अशा वेळी. नाही सांगायचं तर कमान होणार होती. मी घरातून बाहेर पडायचो, हायवेपर्यंत चालायचो, कांद्याचे टेम्पो जाताना बघायचो आणि परत यायचो. कॉलेजात रुजू झालो तर तिथेही तेच. पुस्तकं घ्यायला आलेल्या मुलांना मी थांबवून ठेवायचो आणि कपाटांमध्ये फिरत राहायचो.

गुरुवारी बाजारात गेलो. भाजी मी कधी आणली नव्हती. मेथीवाल्या मावशींना ओळखायला अडचण आली नाही, कारण तिने त्यांचा आवाज फारच हुबेहूब काढलेला होता. मी जुडी घेतली आणि मी कोण ते सांगितलं.

"ताई लय दिस झाले, आल्या नाय," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं.

त्यांनी जुड्यांवर पाणी मारायचं थांबवलं. "आँ? कवा?" शेजारच्या बाईला हाक मारून त्यांनी ते सांगितलं, तिने पलीकडच्या बाईला. मग मावशी पुन्हा पाणी मारायला लागल्या आणि खाली बघून म्हणाल्या, "मंग आता ते व्हायचं नाय."

त्यात तक्रार नव्हती. पाऊस लांबला तर भाव वाढेल, असं म्हणावं तसं त्या म्हणाल्या. मी कमानीचं काही बोललो नाही. ते तिथे उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

शेवटच्या सभेची नोटीस घेऊन नगरपरिषदेचा शिपाई आला. पाकिटावर सवयीने तिचंच नाव घातलेलं. फाटकात आल्यावर त्याच्या ते लक्षात आलं आणि तो तसाच अवघडून उभा राहिला. "सर, चुकून आलं. नेतो परत." मी म्हटलं, असू दे, द्या. आत विषयपत्रिका होती. बाजारतळावर स्वागत कमान उभारून सदर कमानीस नाव देणेबाबत, आणि पुढे तिचं नाव, त्याच्याआधी कैलासवासी.

ते वाचून मी सासूबाईंजवळ जाऊन बसलो. म्हणालो, मी पत्र देणार नाही. का ते सांगितलं. बाजारातल्या बायकांचं सांगितलं, पाण्याच्या बाटलीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्या स्वतः आयुष्यभर शेतात राबलेल्या, पाणी न पिण्याचा हिशेब त्यांना माझ्याहून जास्त कळत होता. तरी त्या म्हणाल्या, "तिनं नाव लिखाले तुमले काय जड शे, जवाईबापू?" तिचं नाव लिहायला तुम्हाला काय जड जातं?

"जड नाही हो."

मग त्या बोलत राहिल्या. तिला मूलबाळ नाही. मळा भावांच्या नावावर, घर तुमच्या नावावर. तिचं म्हणून जगात काय आहे? गावाने आपणहून दगडात नाव कोरतो म्हटलं, आणि नवराच आडवा येतो. बायकांना उघड्यावर बसायची सवय आहे, आम्ही नाही का बसलो? नाव परत कोण देणार आहे?

मी विषयपत्रिका परत पाकिटात घातली.

सभेच्या दिवशी मी रजा टाकली आणि पहिल्यांदा ती पायरी चढलो. मागच्या भिंतीलगत खुर्च्या भरत आल्या होत्या. खताचं दुकान असलेले एक गृहस्थ तिथे पाय पसरून बसलेले. त्यांची पत्नी सभागृहात माझ्या बायकोच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. त्यांनी बाजूची खुर्ची थोपटली. "या या सर, बसा. इतकी वर्षं लांब राहिलात, शेवटी आलातच आमच्यात." मी बसलो. पुढे तिची खुर्ची रिकामी होती. शेजारच्या बाईंनी तिच्यावर आपली पर्स ठेवलेली.

मागच्या इतिवृत्ताला मंजुरी झाली. पथदिव्यांचं झालं, घंटागाडीच्या ठेक्याचं झालं. प्रत्येक वेळी "मंजूर, मंजूर" असा आवाज उठे आणि लिपिक पुढचा विषय वाचे. मी दोनदा उठून बाहेर व्हरांड्यात गेलो आणि परत आलो. मग लिपिकाने कमानीचा विषय वाचला.

अध्यक्षांनी विचारलं, "कुटुंबाचं पत्र आलं का?"

"नाही साहेब. पण सर स्वतः आलेत."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मी उभा राहिलो. मी म्हणालो, "मी पत्र देणार नाही."

उपाध्यक्ष अर्धवट उठले. "दाजी! अहो, का?"

तिला काय हवं होतं हे माझ्या तोंडून त्या जागेवरून निघेना. सभागृहात कोणी खाकरलं, कोणी मोबाइल उलटा ठेवला. अध्यक्ष म्हणाले, "मग हा विषय प्रशासकांवर सोडून देऊ या का?" दोनतीन माना हलल्या, लिपिकाने पेन टेकवलंही.

तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या बाई म्हणाल्या, "सोडायचा कशाला? पहिला होता तो ठराव घ्या. स्वच्छतागृहाचा. बिननावाचा. मी सूचक."

माझ्या बाजूचे गृहस्थ दचकले. "अगं, थांब जरा. मी बोलतो."

"पाच वर्षं तुम्हीच बोलताय. बाजारात मला लागली तर मी कुठे जायचं, ते पण तुम्हीच सांगणार का?"

आधी एकजण हसला, मग सगळेच. खतवाले गृहस्थही हसले, कान लाल करून. पण ठरावाला अनुमोदक लागतो, आणि हसणं संपल्यावर कोणाचाच हात वर होईना. कमान सगळ्यांनी मिळून ठरवली होती. आता आपणहून ती मोडायची, म्हणजे ताईंचा अपमान आपल्या अंगावर घ्यायचा. बाई उभ्याच होत्या. त्यांची पर्स रिकाम्या खुर्चीवरून घसरून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

मग तात्यांनी काठी टेकवून विचारलं, "तिचं नाव नसणार ना त्यावर? कुठेच नाही ना?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"फलकावर नाही, कोनशिलेवर नाही?"

"कुठेच नाही, तात्या."

"मग माझं काय जातं? बांधा. मी अनुमोदक." आणि खाली बसता बसता ते पुटपुटले, "माझी म्हातारी पण जाती बाजाराला."

लिपिकाने वाचलं, सर्वानुमते मंजूर. पुढचा विषय पाणीपट्टीचा होता. मी चहा यायच्या आत बाहेर पडलो. जिन्यात उपाध्यक्षांनी गाठलं. "दाजी, आम्ही ताईंसाठीच करत होतो हो."

"मला माहीत आहे."

"मग असं का केलंत?"

मी त्यांचा हात धरला, त्यांनी त्या दिवशी माझा धरला होता तसा, आणि खाली उतरलो.

घरी सासूबाई ओट्यावर होत्या. मी सांगितलं. त्या उठून आत गेल्या आणि पिशवी भरायला लागल्या. सकाळी मी त्यांना स्टँडवर सोडलं, सटाण्याच्या गाडीत खिडकीची जागा बघून दिली. त्यांनी तिकिटाचे पैसे घेतले नाहीत. गाडी निघेपर्यंत त्या समोर बघत होत्या.

त्यानंतर प्रशासक आले. निवडणुका लांबत गेल्या, मागच्या भिंतीलगतच्या खुर्च्या कुठेतरी गोदामात गेल्या. स्वच्छतागृहाचं बांधकाम सुरू झालं, मध्ये थांबलं, पुन्हा सुरू झालं. मी अजूनही वाचताना मधेच उठतो, पण आता परत येऊन पुढचा परिच्छेद वाचतो. सणावाराला मी सटाण्याला फोन करतो. मेहुणे उचलतात, आईची तब्येत बरी आहे म्हणतात आणि फोन आत नेत नाहीत.

गावात तिचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. स्वच्छतागृह बाजाराच्या दिवशी उघडं असतं, पाणी कधी असतं, कधी नसतं. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत.